त्याला कळतं, त्याच्या भाषेत विचारलं तर

ताई, नमस्कार.

मी २३ वर्षांची आहे. राजारामपुरीत एका दुकानात हिशेब लिहिते. आम्ही बंजारा, लोक लमाणी म्हणतात. मूळ तांडा विजापूर जिल्ह्यातला. आई-वडील बांधकामाच्या कामावर कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. मी पहिलीपासून इथल्या महापालिकेच्या शाळेत शिकले. धाकटा भाऊ ११ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मला तेव्हा बराच वेळ रडलाच नाही, असं आई सांगते. चालता येत नाही, मुठी उघडत नाहीत, बोललेलं फक्त आईला आणि मला कळतं. झटके येतात म्हणून गोळ्या चालू आहेत. शाळेत कधी गेला नाही.

मागच्या वर्षी त्याला एका दवाखान्यात तपासणीला नेलं. तिथल्या बाईंनी मराठीत विचारलं, चेंडू दाखव, लाल रंग कुठला, तुझं नाव काय. तो नुसता बघत बसला. त्यांनी कागदावर 'तीव्र बौद्धिक अक्षमता' लिहिलं. पण ताई, घरात त्याला सगळं कळतं. आईनं गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा भाषेत, विचारलं, बाबा कुठं गेले, की तो दाराकडे बघतो. बाटी करपली तर आईच्या आधी त्याला कळतं, तो ओरडतो. बाईंनी असंही सांगितलं, की आता घरात मराठीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. आईचं मराठी बाजारापुरतं. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलायलाच बिचकते.

अपंगाच्या दाखल्याला गेलो तर जातीचा दाखला आणि डोमिसाईल आणा म्हणाले. एक एजंट १५ हजारांत जातीचा दाखला काढून देतो म्हणतोय. दुसऱ्या ठिकाणी एक मॅडम म्हणाल्या, तुमच्यात सगळे एकत्र असतात, घरीच सांभाळा. तांड्यावरचे एक जाणते म्हणतात, गोळ्या बंद करा आणि पोहरादेवीला नवस फेडा. आई म्हणते नोकरी सोड, याच्याजवळ बस. मला आलेली स्थळं भावाला बघून परत गेली. पुढच्या वेळी सांगूच नका, असं मावशी म्हणते. मी काय करू?

— एक वाचक, कोल्हापूर

*

सगळ्यात आधी गोळ्यांचं, कारण बाकीचं आठवड्यानं केलं तरी चालेल, हे चालणार नाही. झटक्यांची गोळी एकाएकी बंद करायची नसते. तशी ती बंद केली, तर झटके एकामागून एक, न थांबता येऊ शकतात आणि ते जिवावर बेततं. कमी करायची असेल, बदलायची असेल, तर डॉक्टरांनीच आणि हळूहळू. आईला पोहरादेवीला जायचं असेल तर जरूर जा. सेवालाल महाराजांच्या पायाशी डोकं टेकून तिला बळ येत असेल, तर ते बळ तिला हवंच आहे. फक्त गोळ्यांची पट्टी पिशवीत असू दे आणि वाशिमपर्यंतच्या लांबच्या प्रवासातही वेळ चुकवू नका. त्या जाणत्यांशी वाद घालत बसू नकोस. 'देवाचं देवाला करू, डॉक्टरचं डॉक्टरला,' एवढं बोलून विषय संपव.

आता तुझ्या पत्रातली जी गोष्ट मी परत परत वाचली, ती. तुझ्या भावाची परीक्षा त्याला न येणाऱ्या भाषेत घेतली गेली आणि तो नापास झाला म्हणून लिहिलं गेलं.

ज्या मुलाला हात उचलता येत नाही, त्याला 'चेंडू दाखव' म्हटलं. ज्याचं बोलणं परक्या माणसाला कळत नाही, त्याला नाव विचारलं. आणि ज्याच्या कानावर ११ वर्षं आईची गोरबोली पडली, त्याला हे सगळं मराठीत विचारलं. यातल्या एकेका अडचणीनंही उत्तर चुकलं असतं, इथं तिन्ही एका वेळी आल्या. त्यातून त्याची बुद्धी किती, हे कुणालाच कळू शकत नाही. फार तर एवढं कळतं, की त्याला तपासणाऱ्या बाईंचं मराठी कळलं नाही. सेरेब्रल पाल्सीत मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा झालेली असते. काही मुलांच्या बुद्धीवरही परिणाम होतो, काहींच्या मुळीच होत नाही. तुझा भाऊ कुठल्या गटातला, हे मी इथं बसून सांगणार नाही. पण करपलेल्या बाटीचा वास ओळखून आईला हाक मारणारं पोर आणि 'बाबा कुठं' म्हटल्यावर दाराकडे नजर वळवणारं पोर, त्याला 'तीव्र' हा शब्द लावण्याआधी नीट तपासायला हवं होतं.

म्हणून हे कर. त्याचे आठ-दहा छोटे व्हिडिओ मोबाईलवर घे. आई नेहमीसारखी गोरबोलीत बोलतेय, तो नजरेनं, मानेनं, आवाजानं उत्तर देतोय, असे. अंगावर ओरडून, शिकवून घेतलेले नकोत. रोजच्या घरातले हवेत, जेवताना, आंघोळीला नेताना, वडील कामावरून आल्यावर. प्रत्येक व्हिडिओत आई काय म्हणाली ते मराठीत एका वहीत लिहून ठेव. ती वही आणि तो मोबाईल घेऊन सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा आणि फेरतपासणी मागा. मागताना तीन गोष्टी स्पष्ट बोल: आधी त्याचे कान आणि डोळे तपासा, कारण या मुलांत ऐकण्या-बघण्याचीही अडचण असू शकते आणि ती राहून जाते. चाचणी बोलण्यावर आणि हातावर अवलंबून नसलेली घ्या, चित्रं समोर धरून नजरेनं उत्तर घेता येतं. आणि सूचना आई तिच्या भाषेत सांगेल, तुम्ही काय विचारायचं ते मला सांगा.

तुझं एक नशीब समज, की दाखला अजून निघालेला नाही. तो अहवाल म्हणजे एका दिवसाचं एका माणसाचं मत आहे, ते आता दुरुस्त करता येतं. दाखला निघाल्यावर चूक दिसली तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे, पण तेवढ्यावर जाऊच नये. इथं तुला कुणीतरी, अगदी भल्या मनानं, सांगेल: 'राहू दे की ते मतिमंद लिहिलेलं, टक्के जास्त पडतील, पेन्शन लवकर मिळेल.' ऐकू नकोस. योजनांसाठी ४० टक्के लागतात. ज्याला चालताच येत नाही आणि हात वापरता येत नाहीत, त्याचं शारीरिक अपंगत्वच बहुतेक त्याच्या वर जाईल. न तपासता मारलेला दुसरा शिक्का मात्र त्याची शाळा ठरवेल, त्याच्याशी कोण कसं बोलेल ते ठरवेल. नीट तपासून बुद्धीतही अडचण निघाली, तर तेही लिहून घ्यायचं, त्यात लाज नाही. हरकत फक्त न तपासण्याला आहे.

आणि आईला सांग, आजपासून बोल. भरभरून बोल, गाणी म्हण, रागाव, गोष्टी सांग, सगळं गोरबोलीत. दोन भाषांनी अपंग मूल गोंधळतं, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. ऑटिझम असलेल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा यासाठी पुष्कळ अभ्यास झाला आहे. दोन भाषा कानावर पडल्यानं ती मागं पडत नाहीत. उलट आईनं मोडक्या मराठीत चार शब्द बोलायचे आणि मग गप्प बसायचं, यानं मुलाच्या वाट्याची भाषाच आटते. तुझ्या घरात आज तेच चाललंय. मराठी त्याला तुझ्याकडून मिळेल, गल्लीतल्या पोरांकडून मिळेल, शाळेकडून मिळेल. आईकडून आईचंच मिळू दे. पुढच्या वेळी कुणी 'मराठीच बोला' म्हणालं, तर शांतपणे विचार, 'आईला जी भाषा येते त्यात तिनं बोलू नये, असं कुठं लिहिलंय?' घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी हे आपल्या सीमाभागात कुणाला नवीन नाही. कन्नड घरातली किती पोरं कागलात, गडहिंग्लजात मराठी शाळेत शिकून मोठी झाली.

याच्याच जोडीला एक पाटी करा. संवादाचे तयार तक्ते मिळतात, पण त्यातल्या चित्रांत सफरचंद असतं, सोफा असतो. तुमच्या घरातल्या वस्तूंचे फोटो काढा: त्याचं ताट, पाण्याचा तांब्या, बाटी, याडी म्हणजे आई, बाबा, तू, संडास, गोधडी, मोबाईल, आणि पोटावर हात ठेवलेला एक फोटो, दुखतंय म्हणून. प्रिंट काढून जाड पुठ्ठ्यावर लांब लांब चिकटवा, म्हणजे तो कुठं बघतोय ते समोरच्याला ओळखता येईल. 'हो'साठी नजर वर, 'नाही'साठी डोळे मिटणं, असं त्याला जे जमेल ते एक ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच पाळा. पाटी दिल्यानं मूल बोलायचं थांबतं अशीही एक भीती असते, ती खोटी आहे. स्वतःच्या बोलण्याला जोड म्हणून अशा साधनांना प्रोत्साहन द्यावं, हे तर कायद्यातच लिहिलं आहे. विशेष शिक्षक भेटतील तेव्हा ही पाटी त्यांच्या हातात द्या. ११ वर्षांत तुम्ही जे शिकलात, ते त्यांना एका बैठकीत कळेल.

भरवण्याचं तू काही लिहिलं नाहीस, तरी सांगते. अशा मुलाला आडवं ठेवून भरवू नका. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जातं आणि मग छाती भरते, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. पाठीला आधार देऊन ताठ बसवायचं, मान किंचित पुढं, घास छोटा. सीपीआरच्या फिजिओथेरपी विभागात हे करून दाखवायला सांगा, आईच्या हातून करून घ्यायला सांगा. तुला समजावून सांगून भागणार नाही, भरवते आई.

आता कागद. तुमच्या कागदांचा गुंता दोन वेगळ्या दोऱ्यांचा आहे आणि समोरच्यानं ते दोन्ही एकत्र करून टाकलेत.

अपंगाच्या दाखल्याला, म्हणजे यूडीआयडी कार्डाला, जातीचा दाखला लागत नाही. अर्जात प्रवर्गाचा रकाना दिसला म्हणून कुणी मागत असेल, तर तो त्याचा गैरसमज. आधार, फोटो, राहण्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद, एवढ्यावर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरता येतो, महा-ई-सेवा केंद्रातूनही भरता येतो. डोमिसाईलही लागत नाही. नियमात दोन वाटा आहेत: राहण्याच्या पुराव्यावर जो जिल्हा असेल तिथं अर्ज करा, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात अपंगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झालेत तिथं करा. भाड्याच्या खोलीचा करार नाही, लाईट बिल मालकाच्या नावावर आहे, म्हणून अडणाऱ्यांना ही दुसरी वाट कुणी सांगत नाही. भावाचा सीपीआरचा केसपेपर काढून ठेवा, फिजिओला जाल त्या प्रत्येक वेळची नोंद त्यावर करून घ्या. आधार काढताना मुठी उघडत नाहीत म्हणून ऑपरेटर परत पाठवेल. बोटांचे ठसे देता येत नसतील त्यांच्यासाठी आधारमध्ये सवलतीची नोंद आहे, ती करायला सांगायचं. आणि जन्माच्या नोंदीत त्याचं नाव घातलंय का बघा. पुष्कळदा नुसतं 'मुलगा' एवढंच असतं. १५ वर्षांच्या आत नाव घालून घेता येतं, तुमच्या हातात अजून वेळ आहे.

जातीच्या दाखल्याचं मात्र खरं सांगते, कडू वाटलं तरी. महाराष्ट्रात बंजारा-लमाण विमुक्त जाती 'अ' मध्ये येतात. कर्नाटकात तुम्ही अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. एकच समाज, राज्य बदललं की प्रवर्ग बदलतो. महाराष्ट्रात विमुक्तांच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी घराणं इथं राहत असल्याचा पुरावा लागतो. तुमचे आजोबा तेव्हा विजापूरच्या तांड्यावर होते. त्यामुळे इथला जातीचा दाखला तुम्हाला सरळ मार्गानं मिळण्यासारखा नाही आणि त्या एजंटकडे जो मिळेल तो खोटा असेल. खोट्या जातीच्या दाखल्याला शिक्षा आहे, आणि ती भोगायची वेळ आली तर एजंट जागेवर नसतो. ते १५ हजार बसण्याच्या खुर्चीला ठेवा.

पण यातलीच दुसरी बाजू तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. जातीचा दाखला राज्याच्या सीमेवर थांबतो, अपंगत्वाचा थांबत नाही. कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे तो साऱ्या देशात चालतो. उद्या वडिलांना काम नाही म्हणून तुम्ही विजापूरला गेलात, तरी तेच कार्ड चालेल. म्हणूनच माझं म्हणणं, जातीच्या कागदामागं दमू नका, सगळी ताकद यूडीआयडीवर लावा. त्याच्यावर पुढची पुष्कळ दारं उघडतात.

त्यातलं एक, तहसील कार्यालयातली संजय गांधी निराधार योजना. तिला अपंगत्वाबरोबर उत्पन्नाचा दाखला लागतो आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. इथं घाबरू नकोस. तुझा शाळा सोडल्याचा दाखला काढ. पहिलीत कधी नाव घातलं ती तारीख त्यावर आहे, शाळा महापालिकेची आहे. तुमचं कुटुंब इथं किती वर्षं आहे, याचा याहून चांगला पुरावा तहसीलदारांना कुठला हवा? त्याला वडिलांचं रेशन कार्ड आणि मतदार यादीतलं नाव जोडा.

दुसरं, निरामय. राष्ट्रीय न्यासाची ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच आहे. वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो. दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा आणि थेरपीचाही त्यात समावेश आहे, विमा काढण्याआधी तपासणीची अट नाही. फी किरकोळ असते. बाकी, महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात, त्यातून काय मिळतं ते महापालिकेत विचारा. एसटीत सवलत आहे, अपंगत्व ६५ टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही. विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात एकेक फेरी मारून साधनांच्या शिबिरांची चौकशी करून ठेव. खुर्ची मापाची हवी, शिबिरात मिळेल ती आणून कोपऱ्यात ठेवण्यात अर्थ नाही.

शाळेबद्दल. ६ ते १८ वयाच्या, ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीत जाऊन समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना भेट, त्याचं नाव पटावर घालायला सांग. रोज नेणं जमत नसेल तर घरी येऊन शिकवण्याची सोय मागा. नुसत्या फिजिओसाठी आणि सल्ल्यासाठी उचगावच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डकडेही एकदा जाऊन ये. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ही संस्था उभी केली, स्वतः व्हीलचेअरवरून. मुस्लिम घरातली मुलगी, ऐन उमेदीत पाय गेलेले, आणि तिनं या जिल्ह्यातल्या सगळ्या जातीधर्मांच्या अपंग पोरांना शाळा-वसतिगृह दिलं. तिथं 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' ऐकू येणार नाही, असा मला भरवसा आहे.

कारण त्या मॅडमचं ते वाक्य मला फार लागलं. 'तुमच्यात सगळे एकत्र असतात, घरीच सांभाळा.' हे कौतुकासारखं वाटतं, पण त्यात मदत नाकारलेली असते. एकत्र असणारे सगळे विजापूरच्या तांड्यावर आहेत. इथं एका खोलीत चार माणसं, त्यातली तिघं कामावर जाणारी. मुस्लिम घरांना हेच ऐकवतात, पारध्यांना ऐकवतात, वैदूंना ऐकवतात: त्यांचं ते बघून घेतात. आणि मग ती माणसं दवाखान्यात आली नाहीत, की 'ती अडाणी आहेत, भगताकडे जातात' म्हणायचं. तुझ्या आईच्या फिजिओच्या वेळा चुकल्या असतील तर त्या रोजंदारी बुडते म्हणून चुकल्या असतील. भगताकडे तर शहाणीसुरती, शिकलेली घरंही गुपचूप जातात.

दिव्यांगांच्या हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं २००७ साली मान्यता दिली, त्याच्या प्रस्तावनेत भाषा, वंश, धर्म यांवरून दुहेरी भेदभाव सोसणाऱ्या अपंगांची चिंता वेगळी नोंदवली आहे. आणि आपल्या शहराला तर हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं काढली, त्यांतली काही दसरा चौकात आजही उभी आहेत. शाळेचं दार उघडलं म्हणजे सगळी पोरं आत येतील, असं त्यांनी धरून चाललं नाही. कोण कुठून येणार, कुठं राहणार, काय जेवणार, कुणाच्या भरवशावर आईबाप त्याला पाठवणार, याचा विचार त्यांनी केला. अपंगांच्या सेवांना आज कोल्हापुरात तेच करायला हवं: बांधकामाच्या वस्तीवर संध्याकाळी जाणारा फिजिओ, रविवारी उघडी राहणारी तपासणी, गोरबोली, दखनी, कन्नड बोलणारी माणसं हाताशी. हे कुणाच्या मेहेरबानीचं काम नाही. तू मागताना आवाज खाली करू नकोस.

अडवलं तर लेखी मागायचं. 'काय कागद कमी आहे ते लिहून द्या,' एवढं एक वाक्य पुष्कळ खिडक्यांवर काम करतं. तरी नाही जमलं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो. अपंग व्यक्ती, लहान मुलं आणि स्त्रिया यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. त्याच्यावर पुण्याला राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, तिथं साध्या कागदावर तक्रार करता येते.

दवाखान्यात सगळं तूच बोलतेस ना? डॉक्टर तुझ्याकडे बघून बोलतात, तू तुला वाटेल तेवढं आईला सांगतेस, आणि आई पदर तोंडाला लावून उभी असते. यात बदल कर. तू फक्त भाषांतर कर. आई बोलली ते तसंच्या तसं मराठीत, डॉक्टर बोलले ते तसंच्या तसं गोरबोलीत. झटका येण्याआधी त्याचा चेहरा कसा होतो, रात्री कुठल्या कुशीवर झोप लागते, हे तुला नाही, तिला माहीत आहे. आणि एखाद्या खेपेला तुमच्यातल्याच दुसऱ्या कुणा शिकलेल्या मुलाला सोबत ने. बहिणीनं बहीणही राहावं लागतं.

म्हणूनच नोकरी सोडायची नाही. आई दमली आहे म्हणून ती तसं म्हणते, तिच्यावर रागावू नकोस. पण घरातला एकमेव ठरलेला पगार तुझा आहे, आणि ११ वर्षांच्या मुलाजवळ आयुष्यभर बसणं हे २३ वर्षांच्या मुलीचं ठरलेलं काम नव्हे. वडिलांना यात आण. आठवड्यातली एक सुट्टी त्यांनी पूर्ण त्याच्याजवळ काढायची, आंघोळ, भरवणं, व्यायाम सगळं करायचं. पुरुषांना जमत नाही असं काही यात नाही. विशेष शिक्षक घरी यायला लागले, दिवसाची सोय मिळाली, की आईलाही थोडी उसंत मिळेल. तो १८ चा झाला की कायदेशीर पालक ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तेव्हाचं तेव्हा बघू, पण कागदावर तुझं एकटीचं नाव आपोआप येणार, असं धरून चालू नकोस.

स्थळांचं. लपवू नकोस. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्यानं अशी इजा होऊ शकते आणि ती आईबापांकडून वारशानं आलेली नसते. तुझ्या भावाचं कारण तेच आहे का, हे फेरतपासणीच्या वेळीच डॉक्टरांना विचार आणि केसपेपरवर लिहून घे. पाहुण्यांपुढं मावशीनं कुजबुजण्यापेक्षा तो कागद जास्त कामाचा आहे. पाहुणे येतील तेव्हा भावाला आतल्या बाजूला झाकून ठेवायचं नाही. तो आईशेजारी बसेल, पाटी मांडीवर घेऊन.

फेरतपासणीची तारीख मिळाली की कळव. आणि त्या खिडकीवर कुणी पुन्हा जातीचा दाखला मागितला आणि लेखी दिलं, तर त्याची प्रत नावं झाकून मला पाठव. ज्यांना असंच परत पाठवलंय, त्यांच्यासाठी मी ती या सदरात छापीन.